नोरीनची कुबडी

मी एक जुनी कुबडी आहे. मेपलच्या लाकडाची, आणि मित्रांनो, स्वभावाने मत्सरी. जोडीतली दुसरी मोडली तेव्हापासून एकटीच आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, पोर्ट ह्यूरनच्या एका सुताराने आम्हाला घडवलं, नोरीनच्या वडिलांसाठी. ते गेल्यावर मी माळ्यावर धूळ खात पडले. नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. गुडघा गेला, उभं राहवेना, नोकरी सुटली. आणि नोकरीबरोबर तिथून मिळणारा आरोग्यविमाही. विम्याशिवाय गुडघा बदलता येईना, अन् धड गुडघ्याशिवाय काम मिळेना. शेवटी तिने मला खाली काढलं. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू?

तिची बहीण बेव्ह नदीपलीकडे, कॅनडातल्या सार्नियात राहते. तिचाही गुडघा असाच गेला होता. तिकडच्या सरकारी विम्यावर तो बदलून झाला. एका रविवारी ती जेवायला आली आणि पायऱ्या तरतर चढली. नोरीनची मूठ माझ्यावर अशी आवळली, की मला कळलं, जळणारी मी एकटी नाही. बेव्हच्या कुबड्या केव्हाच दवाखान्यात परत गेल्या होत्या म्हणे. सुटल्या बिचाऱ्या! माझा नुसता जळफळाट झाला.

"तुझं बरंय बाई, सगळं फुकटात!" नोरीन म्हणाली.

"फुकट कुठलं गं? जन्मभर कर भरलाय. आणि सव्वा वर्ष लंगडत वाट पाहिली, ती?"

"दुसऱ्याच्या गुडघ्यासाठी मी का कर भरू?" नोरीनचा नवरा वेंडेल मांस कापता कापता म्हणाला. "सरकारच्या कुबड्या घेऊन चालणारी माणसं नाही आपण."

नोरीनने मला उचललं आणि त्याच्या ताटासमोर आडवं ठेवलं. "आणि माझ्या बापाची कुबडी चालते होय रे तुला?"

वेंडेलची सुरी थांबली.

मग ती बेव्हकडे वळली. "वाट तूही पाहिलीस, खरंय. पण तुझ्या वाट पाहण्याला शेवट होता गं."

पुढे गावच्या सभागृहात सर्वांसाठी एकच सरकारी विमा असावा का, यावर सभा झाली. वेंडेलनेच गाडी काढली. नोरीन माझ्यावर भार टाकून हेच सगळं बोलली. अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी हुर्यो उडवली. घरी परतताना वेंडेल एवढंच म्हणाला, "बोललीस छान." विमा मात्र अजून आलेला नाही.

मला अजून काम आहे. मी खूश असायला हवं. पण प्रत्येक पायरीवर तिचा कण्हण्याचा आवाज ऐकते, आणि त्या परत गेलेल्या कुबड्यांचा हेवा काही जात नाही. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझा विसर पडेल, इतकी तुमची माणसं जपा.