चिखलदऱ्याचा चौकीदार

“कस्तुरा, चिखलदऱ्याला भर उन्हाळ्यातबी घोंगडी पांघरावी लागती बघ.” रझाकारीच्या साली पोखर्णीहून निघताना नवरा लिंबाजी म्हणाला होता. तो आवाज कस्तुराबाईच्या कानात अजून ओला होता. गोऱ्या साहेबाच्या लाल कौलांच्या बंगल्यावर तो चौकीदार झाला. पुढं धाकटा दीर सटवाजी त्याला भेटून आला. तेव्हापासून दर दिवाळीला तो सांगायचा, “दादा बरा हाय, वैनी. धुकं लय, समोरची दरीबी दिसंना. सुट्टी मिळंना.”

ती ऐकायची आणि कपाळाला कुंकू लावायची.

आज लेकीची हळद. जात्याभोवती सवाष्णी जमल्या. “ये की, पहिला हात आईचा,” शेजारची छबूबाई म्हणाली, “का चौकीदारीन म्हणून मिजास आली?” बाया हसल्या.

मांडवाचा दोर आवळणाऱ्या सटवाजीनं मान खाली घातली. कस्तुराबाई जात्याकडं न जाता त्याच्याजवळ गेली.

“भावजी, माझा हात हळदीला चालायचा न्हाई,” ती हळूच म्हणाली. “तुमी तिथून डोकं भादरून आलता. उवा झाल्या म्हनलाव. तसल्या थंडीत कोन डोकं भादरतं? तवाच कळलं, ते गेले. पोरीची सोयरीक बापाच्या नावानं जुळावी, म्हणून मी गप बसले.”