कापसाच्या सीटची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. मला पक्के छप्पर नाही आणि माझ्यात दोघांपुरतीच जागा आहे. धरणगावला, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी राहते.

माझा जन्म इंग्लंडातला. सहा सिलिंडर एका रांगेत बसवायचे होते, म्हणून माझे नाक इतके लांब. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन सारखे पडावे म्हणून इंजिन मागे सरकवले, आणि बसणारे जवळजवळ मागच्या चाकांपाशी गेले. आत लाकडाचा सांगाडा, वर हाताने ठोकून वळवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. ज्या गाडीला छप्पर नसते, तिचा सगळा जोर तळाशी असतो. दारांखालची दोन लाकडेच मला धरून ठेवतात.

अभयकुमार शेठनी मला घेतले तेव्हा दोन्ही सीट चामड्याच्या होत्या. त्यांच्या पत्नी तारादेवी म्हणाल्या, चामड्यावर मी बसणार नाही. मग चामडे काढले आणि आमच्याच जिनिंगमधला कापूस जाड खादीत भरून नव्या सीट शिवल्या. दोघे पारोळ्यावरून धुळ्याला निघाले की दोन्हीकडे कपाशी फुटलेली असे. मला वाटे, आपण ढगांतूनच चाललो आहोत. उन्हाळ्यात बसण्याआधी तारादेवी ओला पंचा अंथरून सीट गार करीत. गाडी धावली की वाऱ्याने ती वाळून जाई.

मग तारादेवी गेल्या. शेठनी मला बाहेर काढणे बंद केले. ओला पंचा मात्र ते रोज तारादेवींच्या सीटवर अंथरू लागले. त्या बसायच्या तसा खळगा कापसात राहिला होता. शेजारी बसून शेठ त्याच्याशी हळू आवाजात बोलत. ते ऐकता ऐकता मला गुंगी येई. पाणी खाली झिरपत राहिले.

एक दिवस माझे दार लागेना. सून जिनलने नथ्थू मिस्त्रीला बोलावले. तो माझ्याखाली शिरला आणि तिथूनच बोलला, "शेठ, बठ्ठं लाकूड सडी गयं. गाडीले रोज आंघोय, पन फिरावाले कोनी नही."

दारांखालचे सगळे लाकूड सडले होते; सीट काढून ते बदलले नाही तर गाडी मधोमध मोडेल, असे त्याने सांगितले. आतला कापूसही कुजला असणार, तोही काढावा लागेल.

"मोडू दे," शेठ म्हणाले. "ती सीट उसवायची नाही."

जिनलने सीटवरचा पंचा उचलून त्यांच्या हातात दिला.

"बाऊजी, वास घेऊन बघा. मम्मीजी यावर बसल्या असत्या?"

शेठनी वास घेतला. मग कात्री मागितली आणि टाके स्वतःच उसवले. खालचा कापूस काळा पडला होता. वरचा थोडा बरा निघाला. तो उन्हात वाळवून पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला आणि नव्या कापसात मिसळला. खळगा गेला. नथ्थूने सागाची नवी लाकडे बसवली.

मी बाहेर निघाले तेव्हा चालवायला जिनल होती. शेठ तारादेवींच्या जागी बसले. इतक्या वर्षांत ते त्या बाजूला कधी बसलेच नव्हते. एरंडोलच्या पुढे वारा काचेच्या कडेवरून वळून त्यांच्या डोळ्यांत गेला.

"इकडे वारा फार लागतो गं," ते म्हणाले. "कधी बोलली नाही ती."

जिनलने वेग कमी केला.

"राहू दे," शेठ डोळे न पुसता म्हणाले. "चालव तशीच."

मित्रांनो, ज्या वस्तूत तुमचे माणूस आहे असे तुम्हाला वाटते, ती कोंडून ठेवू नका. उभ्या उभ्या आम्ही आतून कुजतो. आम्हाला रस्त्यावर काढा, वारा लागू द्या.