मांजरांचं बेट

"हे बघा, सगळी माझ्याच पायाशी," म्हणत ऋषभने टीव्हीवरचा फोटो मोठा केला. युरोपातल्या फेल्डहोवनमधल्या त्याच्या दिवाणखान्यात पाहुण्यांचे कौतुकाचे हुंकार उठले. जपानमधलं चिमुकलं बेट. धक्क्यावर मांजरंच मांजरं, आणि त्यांच्यात गुडघे टेकून बसलेला वृंदाबाईंचा मुलगा. इतकं वाकलेलं त्याला त्यांनी देवापुढेही पाहिलं नव्हतं.

"माणसं राहतात का तिथे?" शेजारच्या कीर्तीने विचारलं.

"चार-दोन म्हातारे. बाकी सगळे सोडून गेले. म्हणून तर शांत आहे."

वृंदाबाई भज्यांची ताटली घेऊन उभ्याच राहिल्या. "गेलास कसा तिथे?"

"तीच तर मजा. कंपनीचं काम संपल्यावर विमान, मग ट्रेन, मग बोट. बोट चुकली असती तर अडकलोच असतो."

चुकायला हवी होती, असं त्यांना वाटलं.

त्यांचे दीर श्यामकांत गणपतीपासून अंथरुणाला खिळले होते. कोकणातल्या ओस पडत चाललेल्या गावात एकटेच. ऋषभचे वडील गेल्यावर हेच काका त्याला होडीतून खाडीपलीकडच्या शाळेत न्यायचे आणि शाळा सुटेपर्यंत काठावर बसून राहायचे. 'पोराला एकदा बघायचंय' असा त्यांचा निरोप आला, तेव्हा ऋषभ म्हणाला होता, "विमान, ट्रेन, वर होडी. आई, प्रॅक्टिकली शक्य नाही."

"मांजरांना काय नेलंस?" वृंदाबाईंनी विचारलं.

"मासे. खास विकत घेतले."

"आणि काकांकडे कधी जातोयस?"

"आई, आत्ता नको. लोक बसलेत."

"बसू देत. मांजरं बघून झाली असतील तर माणसाचं बोलू."

ऋषभ हसला. साहेबापुढे हसावं, तसं. वृंदाबाईंना राग आला नाही, किळस आली. ताटली ठेवून त्या कीर्तीकडे वळल्या.

"मला भारताचं तिकीट काढून देशील?"

"हो, काकू."

"एकटी कशी जाशील तू?" ऋषभ म्हणाला.

"बोटीची वेळ विचारत."

त्या आठवड्यातच त्या निघाल्या. विमानतळापर्यंतच्या वाटेत ऋषभ रजा, मशीन, क्लायंट असं काहीबाही बोलत राहिला. त्या बाहेरची सपाट कुरणं बघत बसल्या.

"काकांना सांग, पुढच्या वर्षी नक्की येतो," तो शेवटी म्हणाला.

"तुझं खोटं तूच सांग."

बॅग घ्यायला त्याने हात पुढे केला. त्यांनी मूठ सोडली नाही. बॅगेचं एक चाक अडत होतं. ती तशीच ओढत त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.