पाखरूबाबाचे हात

टेकडीच्या कडेवर माणसांची नुसती दाटी झाली होती. आभाळात एक पांढरं पाखरू पंख जराही न हलवता घिरट्या घालत होतं आणि खाली लोक तोंडात बोटं घालून बघत होते. ते ज्याच्या डोक्यावरून झेपावेल त्याचा आजार म्हणे पाखराच्या रूपातल्या आत्म्याने उचलला. मग गोळ्या बंद, डॉक्टर बंद.

माझ्या ताईच्या डोक्यावरून ते गेल्या आठवड्यात गेलं होतं.

ताईला फिट येतात. गोळ्यांमुळे कित्येक वर्षांत एकही आली नव्हती. आणि आता ही बाई गोळ्यांना हात लावायला तयार नाही. डॉक्टरांनी फोनवर मला बजावलं, गोळ्या अशा एकदम तोडल्या तर फिट जोरात येईल. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात माझ्या शंकांना कोणी भीक घालत नाही. तुला मेलीला सगळ्यात खोटच दिसते, असं म्हणून ताईने विषय संपवला. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी भांडण गिळून मीही तिच्याबरोबर टेकडीवर गेले.

पाखरू बोलावणारा पाखरूबाबा खुर्चीत बसला होता, भर उन्हात गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जाड शाल पांघरून. बडबड अखंड चालू. आत्म्याला श्रम नसतात, म्हणून तो पंख मारत नाही. तो टेकडी चढून येणाऱ्या वाऱ्यावरच उतरतो, वारा पडला की त्याची इच्छा नसते. म्हणजे याच्या आत्म्याला हवामान खात्याची परवानगी लागत होती.

पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती वेगळ्याच गोष्टीने. लोक पाया पडत होते आणि हा नुसती मान डोलवत होता, आशीर्वादाला हात काही वर जाईना. पाखरू मागच्या झुडपांत उतरलं की मगच हात शालीबाहेर यायचे. शेजारच्या भक्ताला विचारलं, तर त्या वेळी बाबांच्या हातांत फार तेज असतं, आपल्याला सोसायचं नाही, असं त्याने मला समजावलं.

ताईची नात माझ्या कडेवर होती. दात येत होते, दिसेल ते ओढून तोंडात घालायचं हाच तिचा उद्योग. पाखरू पुन्हा वर गेलं, रांगेत माझी पाळी आली, तसं मी पोरीला सरळ बाबाच्या मांडीवर ठेवलं. खाली माझे हात होतेच, उगाच भलतं नको.

"बाबा, हिच्या डोक्यावर हात ठेवा."

"नंतर, बाई. आत्मा वर आहे."

"पोर पडेल हो. धरा तिला."

बाबाला घाम फुटला. तेवढ्यात पोरीने शालीचं टोक धरून ओढलं. शाल घसरली. आत प्लास्टिकची पेटी, तिला दोन छोट्या दांड्या, दांड्यांवर बाबाचे अंगठे. पोरीने शाल सोडून एक दांडी पकडली. वरचं पाखरू आडवं झालं, गिरक्या घेत खाली आलं आणि चपलांच्या ढिगात नाक खुपसून पडलं.

कोणी पुढे होईना, म्हणून मीच उचललं. फोमचं, हलकं, एक पंख चिकटपट्टीने जोडलेला. पोटात बॅटरी. खेळण्यांच्या दुकानात मिळणारं स्वस्तातलं ग्लायडर! पेटीतून रेडिओने हुकूम जातो, तशी त्याची शेपटी वळते. झुडपांतून कोणी चेला ते वर भिरकावत असणार, मग टेकडीला थडकून वर चढणारा वारा त्याला तरंगत ठेवतो. हे मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं आणि पेटी हातोहात फिरवली. बाबाने तोवर धूम ठोकली होती.

ताई मात्र रडत होती. "ते पडलं तेव्हा वाटलं, माझ्याच हातून काही पाप झालं," ती म्हणाली. "अजूनही वाटतंय गं."

माझा संताप झाला आणि तिच्यासाठी जीवही तुटला. घरी जाऊन तिने मुकाट्याने गोळी घेतली.

पण मधला आठवडा कोरडाच गेला होता. दुसऱ्या दिवशी तिला फिट आली आणि कपाळाला खोक पडली. टाके घालून दवाखान्यातून आणल्यावर शेजारीण बघायला आली आणि कुजबुजली, "पाखराचा तळतळाट भोवला बघ."

मी तोंड उघडणार तोच ताई उशीवरून उठून बसली.

"तळतळाट कसला? मी गोळ्या सोडल्या, म्हणून पडले. तूही बीपीच्या सोडल्यास ना? माझं कपाळ बघ नीट. आणि आधी डॉक्टरकडे जा."

शेजारणीने वाकून ते टाके नीट बघितले. मग दवाखाना किती वाजता उघडतो, ते तिने मला विचारलं.