पोस्टमनकाकांची पाठ

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मी चिडलेलो आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी कशी शांतपणे, उसासे टाकत सांगावी, अशी तुमची समजूत असेल. माझ्याच्यानं ते होणार नाही. माझा पंखा आधीच घरघरतो, त्यात ही गोष्ट आठवली की तो जास्तच तापतो.

जन्माचं फार सांगत नाही. एका कारखान्यातल्या लांब पट्ट्यावर माझे भाग जोडले गेले. पुढची चार वर्षं मी विम्याच्या कचेरीत घालवली. तिथल्या साहेबानं माझ्यावर चहा सांडला, माझी बिजागरी खिळखिळी केली आणि नवा लॅपटॉप आल्यावर मला टाकाऊ सामानाच्या खोलीत ढकललं. तिथून मला सिस्टरनं घेतलं.

सिस्टर म्हणजे एकतीस वर्षं रुग्णालयाच्या वॉर्डात उभी राहिलेली परिचारिका. निवृत्त झाली तरी गल्लीतले लहानथोर तिला सिस्टरच म्हणत. माझी बिजागरी तिनं जखमेवर लावतात त्या चिकटपट्टीनं घट्ट बांधली आणि म्हणाली, "हं, आता कण्हायचं नाही." मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत तिनं ब्लॉग लिहायला घेतला. त्याला नाव दिलं 'कूस'.

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की घरच्यांचे हातपाय गळतात. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, चादरीची एक सुरकुतीसुद्धा पाठीला कशी टोचते, लाल झालेल्या जागेवर का चोळायचं नाही, हे सगळं सिस्टर लिहायची. साधं, सरळ, कुणालाही कळेल असं. वाचणारे होते एकोणीस. त्यातले सात नातेवाईक, आणि एक ती स्वतः.

तिचा धाकटा भाऊ एका जाहिरातीच्या कंपनीत होता. एका रविवारी त्यानं मला मांडीवर घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, अगं एकोणीस? एवढं सोन्यासारखं लिहितेस आणि झाकून ठेवतेस? सोशल मीडियावर टाकल्याशिवाय आजकाल कुत्रं विचारत नाही."

"मला कुत्र्यांनी वाचायला नकोय रे," सिस्टर हसत म्हणाली. पण तिनं त्याला पेज काढू दिलं.

खरं ते सांगतो, सुरुवात चांगली झाली. सिस्टर लेखातलं एक कामाचं वाक्य निवडायची, भाऊ ते मोठ्या अक्षरांत पेजवर टाकायचा, आणि खाली ब्लॉगचा दुवा. महिन्याभरात वाचणारे आठशे झाले. एका सुताराचा निरोप आला, "तुमचं वाचून आईसाठी पलंगाला कठडा केला. आता ती रात्री पडत नाही." सिस्टरनं तो निरोप मोठ्यानं तीनदा वाचला. मला वाटलं, कचेरीत चार वर्षं रडलो त्याचं चीज झालं.

पण आठशे झाले की आठ हजार का नाहीत, हा प्रश्न येतो. भावाला तो आला. तो म्हणाला, "लोक वाचत नाहीत ताई, बघतात. फोटो पाहिजेत. तुझ्याकडे आहेत ना?"

"आहेत. पण ते द्यायचे नाहीत," सिस्टर म्हणाली.

ते फोटो माझ्याच पोटात होते. मागच्या गल्लीत पोस्टमनकाका राहायचे. पक्षाघातानंतर ते पडून होते आणि पाठीला खोल जखमा झाल्या होत्या. सिस्टर रोज जाऊन त्या धुवायची. जखम भरतेय की चिघळतेय हे डॉक्टरांना कळावं, म्हणून ती आठवड्याला एक फोटो काढायची. पहिल्यांदा काढताना तिनं काकांना विचारलं होतं आणि सांगितलं होतं, "डॉक्टरांखेरीज कुणी बघणार नाही." काकांची जीभ जड झाली होती, तरी ते "बरं" म्हणाले होते. तो शब्द घेऊन ती घरी आली आणि फोटो माझ्याकडे ठेवले.

सिस्टर भाजी आणायला गेली असताना भावानं मला उघडलं. पेजचा पासवर्डही त्यालाच ठाऊक होता, ते त्यानंच काढलं होतं ना! त्यानं पहिल्या आठवड्याचा फोटो घेतला. सतराव्या आठवड्याचा घेतला. दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, 'फक्त तीन दिवसांत जखम गायब! डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत!'

तीन दिवस! मित्रांनो, चार महिने ती बाई पहाटे उठून गेली होती. आणि डॉक्टर? त्यांनीच तर तिला औषध बदलून दिलं होतं. एका ओळीत दोन थापा, आणि त्या माझ्याच कळांवर बडवल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं मला उघडलं ते चहाचा कप हातात घेऊन. "अगं बाई, बारा हजार!" ती ओरडली. आकडा बघून तिचा चेहरा उजळला. फोटोकडे तिचं लक्षच गेलं नाही. त्याचाही मला राग आहे. माझ्या लाडक्या सिस्टरचा राग. पाऊण तास ती आकड्याकडेच बघत बसली होती, तेवढ्यात दार वाजलं.

दारात पोस्टमनकाकांची मुलगी होती. ती तिकीटखिडकीवर काम करायची. कामाच्या वेळेत, ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून ती आली होती.

"शेजारच्या खिडकीवरची बाई ईऽऽ करून मला फोटो दाखवत होती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागत होता. "खालची चादर बघितली मी. त्या चादरीला ठिगळ मी लावलंय, सिस्टर. माझ्या हातचं ठिगळ मला ओळखू येत नाही का?"

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. तो कलंडला. सांडलेला चहा तिनं पुसलासुद्धा नाही.

"मी टाकला नाही गं..."

"पेज कुणाचं आहे? नाव कुणाचं आहे?"

मुलगी आली तशी निघून गेली.

भाऊ आला तेव्हा त्याला आधी हसूच येत होतं. "चेहरा कुठे दिसतोय ताई? उगाच राईचा पर्वत! आणि ब्लॉग कुठल्या कुठे गेला बघ."

सिस्टर वॉर्डात कधी ओरडली नसेल एवढी ओरडली. "माणसाची पाठ म्हणजे माणूस नाही का रे? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून पाठ उघडी केली. तू ती चव्हाट्यावर मांडलीस! काढ आधी ते!"

भावानं पोस्ट काढली. "घे, काढली. माफी मागतो, बास?"

"माझ्याकडे नको मागूस. त्यांच्या उशाशी जाऊन माग."

दोनदा तो काकांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला. तिसऱ्यांदा सिस्टर त्याच्याबरोबर गेली आणि मला पिशवीत घालून घेऊन गेली, कारण माझ्यातले फोटो तिला काकांच्या समोर पुसायचे होते. म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

भाऊ पलंगाशी मान खाली घालून उभा राहिला. "चुकलं काका," एवढंच पुटपुटला.

काकांना एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "छत्तीस वर्षं... पत्रं वाटली. पाकीट फाटलेलं असायचं... कधी उघडंच असायचं." ते थांबले. मुलगी त्यांचं तोंड पुसायला पुढे आली, तिला त्यांनी हातानं थांबवलं. "एकसुद्धा वाचलं नाही. माझं नव्हतं ते."

भाऊ रडत होता. त्याचं रडणं खरं असेल, पण मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

सिस्टरनं एकेक करून सतराही फोटो काकांना दाखवून पुसले. काकांनी डोळे मिटून घेतले. मुलीनं सिस्टरला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पाठ धुवायला दुसरी परिचारिका येऊ लागली.

सगळं मिटलं असं वाटलं तुम्हाला? छे! पोस्ट काढेपर्यंत फोटो शेकडो लोकांनी उचलला होता. मी सिस्टरबरोबर बसून एकेक पेज शोधलं. तिनं प्रत्येकाला लिहिलं, "हा फोटो माझ्या रुग्णाचा आहे, त्यांची परवानगी नाही, कृपया काढा." काहींनी काढला. काहींनी उत्तरच दिलं नाही. एकानं हसणारं तोंड पाठवलं. पोस्टमनकाका आता नाहीत, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पण त्यांची पाठ अजून फिरतेय. गेल्याच आठवड्यात कुणीतरी त्या पाठीच्या जोरावर तेल विकताना आम्हाला दिसलं. सिस्टरनं पुन्हा चष्मा लावला आणि पुन्हा लिहायला बसली.

'कूस' चालू आहे. पेजही आहे, पण पासवर्ड फक्त सिस्टरचा. लेख लिहून झाला की त्यातलं एक खरं वाक्य ती स्वतः टाकते आणि विचारणाऱ्याला स्वतः उत्तर देते. वाचणारे सहाशेच्या आसपास असतात. ते वाढले की ती खूश होते, पण आधी काय टाकलंय ते पुन्हा वाचते, मग आकडा बघते.

मित्रांनो, आपलं लिहिलेलं चार लोकांनी वाचावं असं वाटण्यात काही पाप नाही. जरूर सांगा जगाला, दवंडी पिटा हवी तर. पण दुसऱ्याचं दुखणं, दुसऱ्याचं अंग, दुसऱ्याचं घर तुमच्या दवंडीचा ढोल नाही. आधी त्या माणसाला विचारा. तो गप्प राहिला तर ते 'हो' समजू नका. आम्हा यंत्रांचं काय, बोट पडलं की आम्ही पाठवून मोकळे. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. ते तुम्हाला येतं. मग म्हणा की!