सतरावा सोमवार आणि कोकमाच्या बिया

चौदाव्या सोमवारी कनकेश्वराचा डोंगर उतरताना पायऱ्यांवर रक्ताचे ठिपके दिसले. चढताना माझ्याच टाचांनी ते मागे सोडले होते. 'शंभो, अजून तीन सोमवार,' एवढंच म्हटलं आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या बैलगाडीत जाऊन बसले.

नवस माझा होता. त्या वर्षी आषाढात आमच्या थोरल्या जाऊबाईंना विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी अलिबागच्या डॉक्टरांनीही आशा सोडली, तेव्हा मी देवघरात जाऊन महादेवाला सांगितलं, 'ह्या उठून बसू देत. सोळा सोमवार अनवाणी चढून येईन, सतराव्याला उद्यापन करीन, मध्ये एकही चुकवणार नाही.' दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊबाईंनी क्षीण आवाजात पेज मागितली.

देवाने शब्द लगेच पाळला होता. आता माझा राहिला होता. एक सोमवार चुकला की पहिल्यापासून सुरुवात, आणि देवाला दिलेला शब्द मोडला तर तो ताप पुन्हा फिरून येईल, ही धास्ती मनातून जात नव्हती. कोणासाठी बोलले ते मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. फेडून होईपर्यंत नवस बोलून दाखवायचा नसतो, ही माझ्या आईची शिकवण.

जाऊबाई उठल्या, पण त्यांचे केस गेले. अख्ख्या किहीममध्ये त्यांच्यासारखा अंबाडा कोणाचा नव्हता, आणि आता फणी फिरवली की पुंजकेच्या पुंजके हातात यायचे. आमच्या वाडीच्या नारळाचं खोबरेल, त्यात माक्याचा रस घालून मी कढवायची आणि रोज दुपारी त्यांच्या डोक्यात जिरवायची. दिवाळीपर्यंत बोटभर केस आले, काळेभोर. केसांबरोबर त्यांची जीभही परत आली.

"तेल लावताना पुटपुटतेस काय गो? मंत्र घालतेस की काय माझ्यावर?"

"जप चाललाय, वहिनी."

"दर सोमवारी डोंगर, रोज जप. एवढा कसला नवस? आधी स्वतःच्या टाचा बघ. घरभर रक्ताची पावलं उमटवत फिरतेस, लक्ष्मी आल्यासारखी!"

मी हसून त्यांच्या कानामागे तेल चोळत राहायची. कान अजून तापल्यासारखे तर लागत नाहीत ना, हेही त्यात पाहून घ्यायची.

टाचांचं म्हणाल तर श्रावणभर चिखलात भिजलेले पाय कार्तिकातला कोरडा वारा सुटताच तडकले. खोबरेल लावून पाहिलं. केसांना ज्याने जीव आला ते टाचांना पुरेना. लावावं आणि घटकाभराने पाय पुन्हा कोरडे ठक्क. करंजेलही झालं. भावोजी रामचंद्रपंत मुंबईहून विलायती मलमाची डबी घेऊन आले. ह्यांनी तिच्यावरचं बारीक छापलेलं वाचलं आणि म्हणाले, "ह्यात जनावराची चरबी आहे." डबी खिडकीत ठेवली ती तिथेच राहिली.

चौदाव्या सोमवारनंतरचा तो बुधवार. अंगण नुकतंच सारवलं होतं. तुळशीला पाणी घालून मी वळले, तोच मागल्या कुंपणाच्या बेड्यातून जनी आली. खाडीकडच्या मिठागरावर काम करणाऱ्या कोंडाजीची ही बायको. पावसाळ्यात मिठागर बंद असलं की ती आमच्या वाडीत कामाला यायची. आता मिठाचा हंगाम तोंडावर आला, म्हणून सांगून जायला आली होती.

ओल्या शेणावर आमची दोघींची पावलं उमटली. माझी टाच उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यासारखी, भेगाच भेगा. जनीची टाच मात्र अखंड, गुळगुळीत, रांगोळीने काढावी तशी.

"जने," मी म्हटलं, "अर्धं वर्ष तू खाऱ्या पाण्यात उभी असतेस. तुझ्या टाचा अशा कशा?"

तिने पाय उचलून पाहिला, जणू पहिल्यांदाच पाहत होती. "ह्या व्हय? ह्या तर तुमच्याच किरपेनं."

"माझ्या?"

"वैशाखात तुमी कोकमं फोडता. सोलं ठेवता नि बिया उकिरड्यावर टाकता. मी टोपली भरून नेते, न्हाय का?"

"आम्हाला वाटायचं, चुलीत घालायला नेतेस."

जनी पदर तोंडाला लावून हसली. "चुलीत! धाकल्या वैनी, त्या सुकवायच्या, फोडायच्या, कुटून पान्यात कढवायच्या. वर तेल येतं ते काढलं नि गार झालं की घट्ट व्हतं. त्याच्याबिगर मिठागरावर पाय टिकंल काय?" तिने कनवटीतून लिंबाएवढा पांढुरका गोळा काढला. "हा घ्या. पाय गरम पान्यात बुडवून कोरडे करा. ह्यो पळीत पातळ करा नि भेगेत थेंब थेंब सोडा. चटका बसंल. बसू द्या."

ओटीवर जाऊबाई उभ्या होत्या. "अनुसूये! तिच्या मडक्यातलं पायाला फासून महादेवाच्या पायऱ्या चढणार तू? नवस फेडायचाय की बाटवायचाय?"

जनीचा हात हवेतच थांबला. मग सवयीने तिने तो उंच केला, गोळा माझ्या ओंजळीत वरून टाकायला, म्हणजे शिवाशिव नको.

मला मोठ्याने बोलता येत नाही. मी इतकंच म्हटलं, "वहिनी, बिया आपल्याच अंगणातल्या आहेत. आपणच त्या टाकल्या होत्या." आणि जनीकडे वळले, "वरून टाकू नकोस. हातात दे."

"पुन्हा आंघोळ करावी लागेल!" जाऊबाई म्हणाल्या.

"करीन," मी म्हटलं.

जनीची बोटं माझ्या तळव्याला लागली. कोकमाचा तो गोळा तिच्या अंगच्या उबेने थोडा मऊ झाला होता.

संध्याकाळी निखाऱ्यावर पळी धरली. पहिला थेंब भेगेत पडला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मी पंचाक्षरी मंत्र म्हणत दुसरा सोडला. शुक्रवारी भेगांच्या कडा मऊ लागू लागल्या. पंधराव्या सोमवारी डोंगर उतरून आले तर जाऊबाई दारातच.

"रक्त?"

"नाही."

"हं," म्हणून त्या आत गेल्या.

सोळाव्या सोमवारी तर पायऱ्या पायांना गार आणि चांगल्या लागल्या. सतराव्या सोमवारी मी चुरम्याची तयारी करत होते, तेव्हा जाऊबाई पदर खोचून पुढे आल्या. "उद्यापनाला घरातलं वडीलधारं माणूस नको? मी येतेय."

"अहो, सातशेच्या वर पायऱ्या आहेत!"

"मोजायला तुला कोणी सांगितलंय? तू जप कर."

पाच महिन्यांपूर्वी ज्यांना कूस बदलता येत नव्हती त्या माझ्यापुढे चढत होत्या. दर पन्नास पायऱ्यांना बसायच्या, डोंगराला बोल लावायच्या, आणि पुन्हा उठायच्या. मी मागून पाहत होते. डोक्यावरून पदर सरकला की ते बोटभर केस उन्हात चमकायचे. मला वाटलं, देवा, गाभारा दूरच राहू दे, माझं दर्शन इथेच झालं.

पुष्करणीत पाय धुऊन आम्ही देवळात गेलो. पूजा झाली, चुरम्याचा नैवेद्य झाला. जनीसाठी त्यातला वाटा मी लगेच केळीच्या पानात बांधून ठेवला. गुरुजींनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि विचारलं, "कोणाच्या आरोग्यासाठी केलंत हे?"

आता सांगायला हरकत नव्हती. "आमच्या थोरल्या जाऊबाई. सौभाग्यवती तुळशी रामचंद्र."

मागे उभ्या जाऊबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

बाहेर आलो. पुष्करणीत पुन्हा पाय बुडवून वर आले, तशी माझी ओली पावलं दगडावर उमटली. टाच अखंड, एकही रेघ नाही. जाऊबाई त्या पावलांकडे बघत राहिल्या. मग मला खांद्याला धरून त्यांनी पायरीवर बसवलं, स्वतः खालच्या पायरीवर बसल्या आणि पदराची गाठ सोडली. आत जनीचा गोळा होता, अर्धामुर्धा उरलेला. उतरताना लागला तर, म्हणून घरून निघताना त्यांनी तो गुपचूप बांधून आणला होता. त्यांनी माझा पाय ओढून मांडीवर घेतला.

"वहिनी! अहो, माझे पाय काय धरता! तुम्ही मोठ्या!"

"गप बस. तेल लावतेय, पाया पडत नाहीय."

दुखत तर काहीच नव्हतं. तरी त्या चोळत राहिल्या, मी त्यांच्या डोक्यात जिरवायची तसंच, अंगठ्याने गोल गोल. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

"येत्या वैशाखात एक बी उकिरड्यावर जाता कामा नये," त्या म्हणाल्या. "आणि त्या जनीला बोलाव. कढवायचं कसं ते दाखवू दे."

"आपल्या चुलीवर?"

"मग काय समुद्राच्या वाळूवर?" जाऊबाई म्हणाल्या आणि माझा दुसरा पाय मांडीवर घेतला.