पाण्याआडच्या पायऱ्या

मोजणीदाराला सकाळपासून चैन नव्हतं. पृथ्वी सपाट आहे म्हणून मेहुण्याने चार महिने त्याचं डोकं उठवलं होतं, आणि आज तर तलावाकाठी पुरावाच पुढे केला होता. आठ किलोमीटरवरच्या पंपघराच्या अगदी खालच्या पायऱ्या तिपाईवरच्या दुर्बिणीतून लख्ख दिसत होत्या.

"पृथ्वी गोल असती तर या पाण्याआड गेल्या असत्या, भावोजी."

"गार पाण्यावरच्या हवेत प्रकाश वाकतो, म्हणून दिसतात. दुपारपर्यंत थांब."

मग मोजणीदार काठावर येरझारा घालत राहिला. दर दहा मिनिटांनी दुर्बिणीला डोळा लावायचा आणि चरफडत परत फिरायचा. ऊन तापलं तेव्हा कुठे पायऱ्या गायब झाल्या.

"आता बघ."

मेहुण्याने निवांत बघितलं. "म्हणजे तुमची हवा तुमच्या सोयीने वाकते."

मोजणीदाराचं डोकं सटकलं. "तीस वर्षं जमीन मोजतोय मी."

"मग तीस वर्षांत हा गोलपणा वहीत कुठे लिहिलात तेवढं दाखवा. मी गप्प बसतो."

मोजणीदाराने तावातावाने पिशवीतली मोजणीची वही उघडली आणि त्याचा हात थबकला. जमिनीच्या उंचीतला फरक काढताना दुर्बीण तो नेहमी दोन उभ्या मोजपट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावायचा. त्यामुळे गोलाईची चूक दोन्हीकडे सारखी यायची आणि वजाबाकीत उडून जायची. हे सांगायला त्याने तोंड उघडलं. पण तेही सोयीचंच वाटेल म्हणून मिटलं.

वहीभर पृथ्वी सपाट होती, आणि प्रत्येक पानाखाली त्याची सही होती.